टिंबं दिलेल्या ओळी

११ जानेवारी

प्रिय मामा,

फोन केला असता, पण तूच म्हणतोस की फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरतोस. म्हणून पत्र.

आमच्या वाचनालयाने नवीन टूम काढली आहे. फेब्रुवारी महिन्यात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहायची. वर्षातला सगळ्यात तोकडा महिना निवडणाऱ्या ग्रंथपालबाईंना एकदा नीट भेटायचं आहे मला. पहिल्या तीन कादंबऱ्या वाचनालय छापणार. मी नाव दिलंय. बेचाळिसाव्या वर्षी हे काय खूळ, असं म्हणू नकोस. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घडवते, पण त्यातली एकही कवळी घालून कुणी माझ्यासमोर हसत नाही. डॉक्टर घेऊन जातात, आपण पुढच्या साच्याला लागायचं. आपल्या हातची एखादी वस्तू कुणाच्या तरी तोंडून परत ऐकावी, एवढंच मनात आहे.

एकतीस जानेवारीपर्यंत विषय कळवायचा आहे. माझ्याकडे तीन आहेत.

पहिला, लिफ्ट. सहा मजली इमारत, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते. आत चार माणसं. दार उघडतं तेव्हा तिघंच जिवंत असतात.

दुसरा, दात. माझ्यासारखी एक बाई. तिच्याकडे साचा येतो आणि तिला कळतं की हा जबडा आपण आधी पाहिलाय, दुसऱ्याच नावाने.

तिसरा, पत्र्याचा डबा. एक बाई नोकरी आणि घर सांभाळून वहीत कादंबरी लिहिते. नवरा शाळामास्तर. वही त्याच्या हाती लागते आणि तो ती उत्तरपत्रिकेसारखी तपासतो. पानापानावर लाल शाई. त्यानंतर ती बाई वही डब्यात बंद करते आणि आयुष्यात एक ओळ लिहीत नाही. हे कुणाचं आहे ते तुला सांगायला नको. चार वर्षांपूर्वी, आई गेल्यावर कपाट आवरताना तो डबा सापडला, तेव्हा तू माझ्या शेजारीच उभा होतास.

चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं वाचलीस, लोकांच्या चुका काढून पोट भरलंस. तुझ्याहून चांगला सल्लागार मला कुठे मिळणार? सांग, कुठला घेऊ?

तुझी,
भिंगरी

१६ जानेवारी

प्रिय भिंगरीस,

पत्र पोचलं. त्यात दोन ठिकाणी चुका होत्या, त्या दुरुस्त करून पत्र फायलीत लावलं. मनाला लावून घेऊ नकोस, हाताची सवय आहे.

तू लिहिणार हे वाचून फार बरं वाटलं. आता मुद्द्याचं. माझं मत लिफ्टला. चार माणसं, एक पेटी, बाहेर जायला वाट नाही. वाचक पान उलटणारच. दातांची गोष्टही वाईट नाही, पण तू मेण, साचा आणि पॉलिशच्या वर्णनात अडकशील आणि खुनी निघून जाईल.

डब्याची कल्पना नको. घरची गोष्ट लिहायला बसलं की माणूस न्यायाधीश होऊन बसतो. शिवाय तुझे बाबा हयात आहेत, ते वाचतील. शिवाय त्यात घडतं काय? बाई लिहायचं थांबते. न लिहिण्यावर पन्नास हजार शब्द कसे लिहिणार तू?

माझी तब्येत ठीक. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन एप्रिलवर गेलं आहे. तोवर भिंग आहेच.

तो डबा सध्या कुठे असतो? सहज विचारलं.

तुझा,
मामा

२१ जानेवारी

प्रिय मामा,

दोन दोन 'शिवाय' लावलेस! चुका शोधणाऱ्या माणसाला एक कारण पुरतं. कुठेतरी पाणी मुरतंय. आणि कुठे ते मला कळलंय. तू बाबांना पाठीशी घालतोयस. पहिल्यापासून तुझं आणि तुझ्या 'मास्तरां'चं गूळपीठ आहे.

तुला खरं सांगते. डबा सापडल्यापासून मी महिन्यातून एकदाच बाबांना फोन करते, पहिल्या रविवारी. मी रक्तदाब विचारते, ते लॅब विचारतात. चार मिनिटांत आटोपतं. मी त्यांना वहीबद्दल कधी विचारलं नाही. विचारायचं काय? जो माणूस दुकानांच्या पाट्या वाचताना खिशातलं लाल पेन चाचपतो, त्याच्या घरात वही लाल झाली तर कुणी केली हा प्रश्न उरतो का?

डबा माझ्याकडेच आहे, शिवणाच्या मशीनखाली. परवा वही परत काढली. आईने लिहिलंय ते तिच्या नोकरीवरच, बस डेपोतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईवर. मामा, ते चांगलं आहे रे. उगाच आई म्हणून म्हणत नाही. छत्र्यांवर एक अख्खं पान आहे.

पण एक गोष्ट बघवत नाही. काही ओळींखाली लाल टिंबं आहेत, एकापुढे एक, टोचल्यासारखी. आणि नेमक्या त्याच ओळी आईने स्वतः निळ्या शाईने खोडून टाकल्यात. गिरवून गिरवून. म्हणजे त्यांनी नुसतं बोट दाखवायचं आणि हिने स्वतःच्या हाताने पुसून टाकायचं.

एकच विचारते, सरळ उत्तर दे. आई या वहीबद्दल तुझ्याशी कधी बोलली होती का?

भिंगरी

२७ जानेवारी

प्रिय भिंगरीस,

ती या वहीबद्दल माझ्याकडे कधी तक्रार घेऊन आली नाही.

मास्तर शिस्तीचे आहेत, पण त्यांनी तुझ्या आईचं मन कधी मोडलं नाही एवढं मी सांगू शकतो. बाकी मी त्यांच्या घरात नाक खुपसत नाही.

लिफ्ट घे. माझ्यासाठी घे.

डोळे दुखतात म्हणून थोडक्यात लिहितो.

मामा

९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं ऐकून लिफ्ट नोंदवली. सहा दिवस लिहिली. आता लिफ्ट जिथे अडकायची तिथे अडकलीच आहे, पण आतल्या चौघांना एकमेकांशी बोलायला काही सुचत नाहीये आणि मलाही त्यांच्यात रस उरलेला नाही. मेला तो बरा सुटला.

परवा लॅबमधून आले आणि सरळ डब्याची गोष्ट लिहायला बसले. ग्रंथपालबाईंनी विषय बदलून दिला, म्हणाल्या, "लिहा हो, लिहिताय ना, मग झालं." तीन दिवसांत नऊ हजार शब्द! नवरा असा उतरलाय की माझा मलाच त्याचा संताप येतो. एक प्रसंग आहे, जेवणाच्या टेबलावर तो बायकोला तिच्याच चुका मोठ्याने वाचून दाखवतो आणि पोरगी समोर बसून ऐकते. तसं घडलं नव्हतं, मला ठाऊक आहे. पण घडलं असणारच, माझ्या पाठीमागे.

आणि एक ठरवलंय. येत्या शनिवारी पहिली तीन प्रकरणं बाबांना टपालाने पाठवणार. चार वर्षं गप्प बसले, आता त्यांनी वाचावं आणि काय ते बोलावं. माझ्याने फोनवर होत नाही, दातखीळ बसते. कागदावर होतंय.

तुला राग येईल. येऊ दे.

भिंगरी

१४ फेब्रुवारी, शनिवार

प्रिय भिंगरीस,

तुझं पत्र परवा आलं. परवापासून चार वेळा लिहायला बसलो आणि चारही कागद फाडले. आज शनिवार आहे. म्हणजे पाकीट गेलं असेल. इथेही मी उशीरच केला.

वहीतली लाल शाई माझी आहे.

तुझी आई वही घेऊन माझ्याकडे छापखान्यात आली होती. तू तेव्हा दुसरीत असशील. वही पिशवीत, वहीवर चादर, त्यावर तिचा जेवणाचा डबा, अशी लपवून आणली होती. म्हणाली, "दादा, वाचून बघ. तुझ्याशिवाय कुणाला दाखवायची हिंमत नाही." मी आठ दिवस ती वही वाचली. कामाची प्रुफं बाजूला ठेवून वाचली, फोरमनची बोलणी खाल्ली. माझ्या आयुष्यात मी कुठला मजकूर इतका जीव लावून वाचला नाही.

आणि जीव लावणं मला एकाच तऱ्हेने येत होतं. आमच्याकडे ज्या पानावर खुणा नाहीत ते पान वाचलंच नाही असं धरत. मी पानापानावर खुणा केल्या. वही परत देताना तिला म्हणालो, "एकशे चौदा चुका होत्या, सगळ्या काढल्या." मोठ्या अभिमानाने म्हणालो. गोष्टीबद्दल एक शब्द बोललो नाही. प्रुफं वाचणाऱ्याने मजकुरावर मत द्यायचं नसतं, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. बहिणीशी बोलतानाही मी ते पाळलं, इतका मी मूर्ख.

ती म्हणाली, "बरं झालं." वही पिशवीत ठेवली. पुढे एकदोनदा मी विचारलं, नवीन काय लिहितेस? म्हणाली, वेळ कुठे मिळतो. मला ते खरं वाटलं.

आता टिंबांचं सांगतो. प्रुफं तपासताना एखादा शब्द आपण खोडतो आणि मग लक्षात येतं की तो बरोबरच होता. तेव्हा त्याच्याखाली टिंबं द्यायची. शिशाचे खिळे जुळवून मजकूर बसवणाऱ्याला कळतं, खोडलं असलं तरी हे आहे तसंच ठेवायचं. तुझ्या आईच्या वहीत मी ती खूण न खोडलेल्या ओळींखालीही वापरली. ज्या ओळी वाचून माझा हात थांबला, त्यांच्याखाली. यांना हात लावू नकोस, या अशाच राहू दे, असं मला म्हणायचं होतं. मला वाटलं तिला कळेल. तिला कसं कळणार? ती डेपोत काम करत होती.

कपाट आवरताना तू डबा उघडलास आणि वही माझ्या हातात दिलीस, तेव्हा मी पहिल्यांदा ते निळं खोडलेलं पाहिलं. सगळ्यात चांगल्या ओळी तिने वेचून वेचून खोडल्या होत्या. माझ्या खुणा बघून खोडल्या होत्या. तू म्हणालीस, "बघ बाबांचे प्रताप." मी तोंड उघडायला हवं होतं. मी मूग गिळून बसलो. वही डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि वर म्हणालो, "चहा टाक."

तेव्हापासून रोज म्हणतो, उद्या सांगू. तुझा तो पहिल्या रविवारचा फोन माझ्यामुळे चार मिनिटांचा झालाय. डब्याची गोष्ट नको म्हणालो ते कादंबरीच्या काळजीने नाही, स्वतःच्या भीतीने. तू विचारलंस तेव्हाही असं उत्तर दिलं की शब्द खरे आणि उत्तर खोटं. वाक्यं नीट करण्यातच हयात गेली माझी, तेवढं मला जमतं.

मास्तरांचा यात काडीचा दोष नाही. त्यांच्यावर सगळं खापर फुटताना मी बघत राहिलो. त्यांना मी वेगळं पत्र लिहितो आहे.

मला उत्तर लिहू नकोस वाटलं तर लिहू नकोस.

मामा

२५ फेब्रुवारी

प्रिय भिंगरीस,

पत्र मिळालं का एवढंच कळव. नुसतं 'मिळालं' लिहिलंस तरी चालेल.

मामा

९ मार्च

मामा,

मिळालं. पाकीट शनिवारी सकाळीच टाकलं होतं, तुझं पत्र सोमवारी आलं.

स्पर्धा संपली. माझे एकोणीस हजार शब्द झाले होते आणि सगळेच्या सगळे खोटे निघाले. बुधवारी बाबांकडून प्रकरणं परत आली. मी पानं उलटी सुलटी करून पाहिली. एकही लाल खूण नाही. शेवटच्या पानामागे पेन्सिलने दोन वाक्यं होती. "छान लिहिलं आहेस. पुढचं पाठव."

मी लॅबमध्ये होते. हातातला साचा खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर रडले.

शनिवारी गेले. बाबांनी दार उघडलं, चष्मा कपाळावर. म्हणाले, "तू? आज पहिला रविवार नाही." थट्टेने नाही म्हणाले, खरंच गोंधळले होते. मी चपलासुद्धा न काढता विचारलं, "बाबा, ती शाई मामाची होती हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या आईने शब्द घेतला होता. म्हणाली, दादाला कळता कामा नये. त्याने जीव ओतून काम केलंय, त्याला वाईट वाटेल."

तिला काय वाटलं होतं ते त्यांनी सांगितलं. तिला वाटलं, त्या ओळी दादाला इतक्या खटकल्या की तो पेन टोचत बसला. बाबा तिला म्हणाले होते, विचार ना त्याला. ती म्हणाली, काय विचारू, त्याला कळतं त्यातलं. आणि टेबलाशी बसून एकेक ओळ गिरवून खोडली. बाबा समोर पेपर तपासत होते. तेही पुढे काही बोलले नाहीत.

मी म्हटलं, "आई गेल्यावर तरी मला सांगायचं. चार वर्षं मी तुमच्याशी कशी वागले!"

म्हणाले, "तू विचारलंसच नाहीस गं."

मी खरंच विचारलं नव्हतं. तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. आईने तेच केलं होतं. आपल्या घरात एवढं एक सगळ्यांना छान जमतं.

मग मी विचारलं, ती प्रकरणं वाचून तुम्हाला राग नाही आला? म्हणाले, "आला की. पण तो नवरा झकास उतरलाय. आणि या घरात एकदा चुका काढून झाल्या, तेवढ्या पुरे." तुझं पत्र त्यांना मिळालंय. तुला सांगायला सांगितलंय की एप्रिलमध्ये ऑपरेशनला सोबत ते येणार आहेत, रिक्षा-गाडीचं तू बघू नकोस. मी रात्रीची मुक्कामाला राहिले. चार मिनिटांपेक्षा जास्त बोललो.

माझा तुझ्यावर राग आहे, मामा. वहीचा नाही. वहीत तू चुकलास, कुणीही चुकलं असतं. राग आहे तो 'चहा टाक' म्हणालास त्याचा. तो कधी जाईल मला माहीत नाही. गेला की कळवीन.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. मी तुला विचारलं होतं ना, कुठली गोष्ट लिहू? ठरलं. लिफ्ट नाही, दात नाहीत, माझा डबाही नाही. मी आईची वही उतरवून काढते आहे, पहिल्या पानापासून. शेवटची दोन प्रकरणं तिने लिहिलीच नाहीत, ती मी लिहीन. कुठल्या महिन्यात संपवायचं याचं बंधन नाही.

त्या खोडलेल्या ओळी मी मोजल्या. सतरा आहेत. तुझं पत्र पुन्हा वाचलं. खोडलेल्या ओळीखाली टिंबं असली तर ती ओळ राहते, असंच लिहिलंयस ना तू? खोडलं तिने, टिंबं तुझी. मग तुझ्याच छापखान्याच्या नियमाने त्या सतराही ओळी राहतात. मी त्या घेणार आहे.

लॅबमध्ये दाताची कड बघायचा एक प्रखर दिवा आहे आणि मोठं भिंग. जेवणाच्या सुट्टीत वहीचं एकेक पान त्याखाली धरते. निळ्याखालचं निळं हळूहळू दिसतं. सोळा ओळी वाचल्या. एकसष्टाव्या पानावरची एक काही केल्या वाचता येत नाही. तिने इतकी गिरवली आहे की कागद फाटलाय. त्या आधीचं वाक्य असं आहे: 'खिडकीशी माणसं रांगेत उभी राहतात, पण आपली वस्तू समोर दिसली की रांग विसरतात.' त्यापुढचं हवंय.

तुला आठवतं का काही?

भिंगरी

१३ मार्च

प्रिय भिंगरीस,

तू रागाने का होईना लिहिलंस. मी पत्राला भिंग लावून तीनदा वाचलं. चुका पाहिल्या नाहीत.

मास्तरांना सांग, मी वाट बघतो.

एकसष्टाव्या पानावरची ती ओळ मला पाठ आहे. टिंबं दिली त्या दिवसापासून पाठ आहे. छापखान्यातून घरी जाताना ती मी मनाशी म्हणत असे, पस्तीस वर्षं म्हणत आलो. वही परत देताना तिच्यासमोर एकदा म्हणून दाखवली असती, तर तिला खुणा समजावून सांगायची गरजच पडली नसती. तुझ्या आईसमोर ते राहिलं. तुला लिहून देतो. यात एकही अक्षर माझं नाही, आहे तसंच ठेव.

'हरवलेली वस्तू परत न्यायला आलेला माणूस खिडकीशी येऊन आधी माफी मागतो, जणू ती वस्तू आमचीच होती आणि त्याने ती आम्हाला इतकी वर्षं सांभाळायला लावली.'

तुझा,
मामा